दुकानाची पाटी कोणासाठी?

नवे दुकान थाटावयाचे ठरले, की घरात अनेक गोष्टींचा खल चालतो. जागेचे भाडे, मालाची उधारी, फळ्यांची रुंदी, मुहूर्ताचा दिवस, पूजेस कोणास बोलवावे, हे सारे आठ-आठ दिवस चर्चिले जाते. पाटीचा विचार बहुधा शेवटच्या दोन दिवसांत होतो, आणि तोही नावापुरता. कुलदेवतेचे नाव द्यावे की मुलीचे, अक्षरे तांबडी काढावीत की निळी, एवढे ठरले की रंगाऱ्यास निरोप जातो. ती पाटी वाचणार कोण, आणि जे वाचू शकणार नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पाटी, हस्तपत्रक, वर्तमानपत्रातील चौकट, सणासुदीस मोबाइलवरून धाडलेले चित्र, फेरीवाल्याची हाळी ही सारी एका अर्थी आमंत्रणेच होत. आमंत्रण सर्वांस आहे असे तोंडाने म्हणावे आणि पत्रिका मात्र निवडक घरी पोचवावी, असा प्रकार पुष्कळ दुकानांकडून नकळत घडत असतो. आमच्या शाळेतील अनेक विद्यार्थी किराणा, कापड, शिवणकाम, उपाहारगृह अशा लहान व्यवसायांच्या घरांतून येतात आणि शाळा सुटल्यावर गल्ल्यावर बसतातही. त्यांच्यासाठी या विषयाचा थोडा उलगडा करण्याचे आम्ही योजिले आहे.

पाटीच्या आधी आवाज होता. गावात छापखाना नव्हता तेव्हा दवंडी पिटली जात असे, आणि दवंडीस लिपी नसते. ज्याला ऐकू येते त्या प्रत्येकास ती कळते. मग तो शास्त्री असो वा गुराखी. गोव्यात या जातीच्या जाहिरातीचे एक अस्सल उदाहरण अजून रोज पहाटे ऐकावयास मिळते. ते म्हणजे पदेराचा भोंगा. सायकलच्या दांडीस लावलेला रबरी भोंगा पों पों करीत वाड्यात शिरला, की निजलेली घरे जागी होतात. पूर्वी भोंग्याच्या जागी बांबूची काठी असे. ती जमिनीवर आपटली की खुळखुळाट होई आणि मुले उठून दारात येत. पाव हे परधर्मीयांचे अन्न मानून एके काळी पुष्कळ हिंदू घरांनी तो वर्ज्य केला होता. आज त्याच घरांच्या तुळशीवृंदावनासमोर पदेराची सायकल थांबते, आणि कोणास त्यात काही वावगे वाटत नाही. पदेराने त्यासाठी भाषणे केली नाहीत. त्याने कोणतेही दार वगळले नाही, एवढेच. भोंगा ज्यांच्या कानी पडत नाही, म्हणजे बहिरे, आजारी, किंवा झुंजुमुंजू होण्याआधीच कामास निघून जाणारे, त्यांच्यासाठीही तोड निघालेली आहे. फाटकास पिशवी अडकवून ठेवावी. पदेर ठरल्याप्रमाणे पाव मोजून तीत टाकतो आणि हिशेब महिनाअखेरीस होतो. एका साध्या भोंग्याने आणि एका पिशवीने जे साधले, ते मोठमोठ्या रंगीत फलकांस साधत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता अक्षरांकडे वळू. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे दोनतृतीयांश लोकांनी आपली मातृभाषा कोंकणी असल्याचे सांगितले. मराठी सांगणारे दहांत एकाहून किंचित अधिक होते. त्यांच्या जोडीस हिंदी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्यांची संख्याही लहान नव्हती. शिवाय कोंकणी एक असली तरी तिचे वाचक एका लिपीचे नाहीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही वाव ठेवला. परंतु चर्चमधील प्रार्थना, तियात्रांच्या जाहिराती आणि घरची पत्रे रोमी लिपीत वाचण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशी वडीलधारी माणसे गावोगाव आहेत. वास्को आणि झुआरीनगरकडे कानडी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यातच आणखी एक गोष्ट: त्याच जनगणनेप्रमाणे गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के होती. हा आकडा अभिमानाचा खरा; पण त्याची दुसरी बाजू अशी, की सात वर्षांवरील दर शंभरांतील अकरांहून अधिक माणसांस कोणतीच पाटी वाचता येत नव्हती. महामार्गाच्या कडेला ज्या दुकानांची नावे निव्वळ इंग्रजीत झळकतात, त्यांनी पर्यटकास हाक मारली असेल. शेजारच्या वाड्यावरील आजीस मात्र मारलेली नाही.

पाटीची भाषा हा आमच्या भागात नाजूक विषय आहे. चोर्ला घाट ओलांडून बेळगावी गेले, की तो नाजूकही राहत नाही, धगधगीत होतो. महाराष्ट्राने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून लहानमोठ्या सर्व दुकानांस देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक केली. कर्नाटकाने २०२४ मध्ये पाटीचा ६० टक्के भाग कानडीस राखून ठेवणारी दुरुस्ती केली. जेथे जो कायदा असेल तो पाळलाच पाहिजे, आणि राज्याची भाषा दुकानांच्या कपाळी दिसावी ही अपेक्षाही अयोग्य नव्हे. तथापि कायदा पाटीवर किमान काय असावे एवढेच ठरवितो. उरलेल्या जागेत कोणास बोलवावयाचे, हे दुकानदाराच्या मनावर असते. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीच्या जोडीस उर्दूही होती; त्याविरुद्धचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू राहू दिली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा ही माणसामाणसांतील दळणवळणाचे साधन आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. तो फलक नगरपरिषदेचा असला तरी त्यातील विचार वाण्याच्या पाटीसही तितकाच लागू पडतो. आमची घरची भाषा कोंकणी आणि फळ्यावरची मराठी. एका भिंतीवर दोन भाषा भांडल्यावाचून राहू शकतात, हे आम्हांस निराळे शिकावे लागले नाही.

भाषांचा क्रम कोणता लावावा, यावरूनच बहुतेक भांडणे होतात. यावर एक शहाणपणाचे उत्तर प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्या चलनी नोटेवर एकूण १७ भाषांत किंमत लिहिलेली असते. इंग्रजी आणि हिंदी ठळकपणे येतात आणि उरलेल्या १५ एका चौकटीत, इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने. म्हणून त्या चौकटीत कोंकणी आधी, मग मल्याळम, आणि तिच्याखाली मराठी. यात कोणाचा मान नाही आणि अपमानही नाही. तीच नोट अंधांसाठीही विचार करून काढलेली आहे. शंभराच्या नोटेवर बोटास जाणवणारा उठावाचा त्रिकोण आणि कडेस चार तिरप्या रेघा. पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेघा. विद्यार्थ्यांनी डोळे मिटून बोटाने चाचपून पाहावे; नोट नवी असेल तर खूण चटकन लागते, जुनी झाली की उठाव झिजतो.

अर्थात किराणा दुकानाच्या पाटीवर सतरा भाषा काढणे शक्य नाही, आणि काढल्या तर एकही वाचता येणार नाही. दोन, फार तर तीन लिपी पुरेत. चौथी भाषा चित्राची असावी. जुन्या काळचे रंगारी हे जाणून होते. शिंप्याच्या पाटीवर कात्री, घड्याळजीच्या पाटीवर घड्याळ, छत्री दुरुस्त करणाऱ्याच्या दारावर चक्क एक मोडकी छत्री टांगलेली असे. हल्ली संगणकावर काढलेल्या पाट्यांत मालाच्या चित्राच्या जागी मालकाचा किंवा एखाद्या पुढाऱ्याचा हसरा चेहरा येऊ लागला आहे. त्या चेहऱ्यावरून आत खिळे मिळतात की श्रीखंड, हे ताडणे कठीण.

एवढ्याने विषय संपला असता तर बरे होते. परंतु पाटी वाचता येणे निराळे आणि पाटीने आत येऊ देणे निराळे. आपल्या देशात कित्येक वर्षे पाट्या माणसांस बोलावण्यापेक्षा माणसे निवडण्यासाठी लिहिल्या जात होत्या. इंग्रजी अमदानीत रेल्वेच्या फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा वेगळ्या घागरी असत. शहरांतून केवळ ब्राह्मणांसाठी म्हणून चालविलेल्या खाणावळी होत्या आणि पाटीवर तसे मोठ्या अक्षरांत लिहिण्यात कोणास संकोच वाटत नसे. दलित समाजातील माणसास चहा मिळालाच तर तो दाराबाहेर, वेगळ्या कपात. ज्यांनी हे भोगले त्यांच्या दृष्टीने दुकान म्हणजे केवळ माल मिळण्याचे ठिकाण नव्हते. गावात आपले स्थान काय, हे दररोज सांगणारी ती जागा होती.

म्हणूनच आपल्या राज्यघटनेत दुकानाचा उल्लेख नाव घेऊन आला आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावी. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात म्हटले आहे, की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा येथे प्रवेश नाकारता येणार नाही. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख त्याच खंडात पुढे आहे. संविधानसभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दात काय काय येते, अशी शंका काढण्यात आली. धोब्याचे दुकान त्यात मोडते काय? केशकर्तनालय मोडते काय? डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले ते असे, की हा शब्द व्यापक अर्थाने योजिला आहे. जो कोणी आपली सेवा लोकांस देऊ करतो तो या अर्थाने दुकानदारच. ज्या महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला होता, त्या तळ्याची आणि न्हाव्याच्या खुर्चीची सोय अशी एकाच कलमात झाली. पुढे १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा कायदा आला, त्यालाच १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून दुकानात येऊ न देणे किंवा माल विकण्यास नकार देणे हा त्याअन्वये शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

येथे कोणी विचारील, की मग 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी लावणेही चूक ठरेल काय? आमच्या मते मुळीच नाही. या ठिकाणी एक भेद नीट पकडावा लागतो. 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी मालाचे वर्णन करते. स्वयंपाकघरात मांसमासळी शिजत नाही एवढेच ती सांगते, आणि ते सांगणे ग्राहकाच्या उपयोगाचेच आहे. 'हलाल' ही पाटीही मालाचेच वर्णन करते. पण 'अमक्याच लोकांसाठी' ही पाटी ग्राहकाचे वर्णन करते. भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातीत 'फक्त शाकाहारी कुटुंबास' असे शब्द येतात तेव्हा ते कोणत्या बाजूस झुकतात, हे वाचणाऱ्यांस बरोबर कळते. घर पाहून येताना आडनाव विचारले गेले आणि मग खोली 'कालच गेली' असे समजले, हा अनुभव आमच्याही ओळखीच्या एकास आला आहे. त्या जाहिरातीत आक्षेप घेण्याजोगा एक शब्दही नव्हता. उघड पाटीचा बंदोबस्त कायदा करू शकतो. कपाळावरच्या आठीचा बंदोबस्त करणे त्यास अवघड जाते.

चित्रांविषयी थोडेच सांगतो, कारण ती प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहेत. आमच्या बाजारातील साडीच्या दुकानांत उभ्या केलेल्या पुतळ्या पाहाव्या: साऱ्या गोऱ्यापान. सौंदर्यालयांच्या काचेवरील मुखडे पाहावे, त्यांतील एकही मुखडा आमच्या वर्गातील मुलींसारखा दिसत नाही. ज्या मुली उन्हातान्हात चालत शाळेस येतात, त्यांनी त्या काचेसमोरून जाताना मनाशी काय समजावे? १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाने पंचेचाळीस वर्षे गोरेपणाचे स्वप्न विकले. २०२० मध्ये जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा त्याच्या मालकांनी नावातील 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' घातला. शब्द बदलला हे चांगलेच झाले. मात्र गावातील लहान दुकानदारास नाव बदलण्याचाही खर्च नाही. मलमाच्या कंपनीने फुकट दिलेला फलक न लावता आपल्याच गिऱ्हाइकांपैकी कोणाचे, तिची परवानगी घेऊन, छायाचित्र लावले तरी पुरे. मिक्सर, कुकर आणि साबण यांच्या चित्रांत नेहमी बाईच का असते आणि बँकेच्या चित्रांत नेहमी पुरुषच का असतो, हा प्रश्न इयत्ता सातवीतील एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारला होता. तिचे उत्तर शोधण्याचे काम आम्ही तिच्यावरच सोपविले आहे.

यापुढील भाग पुष्कळसा हिशेबाचा आहे, आणि तोच सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. दृष्टीचे, श्रवणाचे आणि हालचालीचे अपंगत्व असलेले प्रत्येकी पन्नास लाखांहून अधिक. यांत म्हातारपणामुळे गुडघे धरलेल्या किंवा मोतीबिंदू झालेल्या सर्व माणसांची गणना धरलेली नाही. ही सारी माणसे मीठ, साबण, चपला, वह्या विकत घेतात. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सार्वजनिक जागा त्यांस सुगम असाव्यात असे ठरविले. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत जांभळ्या रंगाचा 'पर्पल फेस्ट' भरला, त्यास देशभरातून अपंग बांधव आले. उत्सव तीन दिवसांचा. दुकानाची पायरी बारा महिन्यांची.

पायरीचाच विचार करू. कोकणपट्टीत दुकानांची जोती उंच असतात, त्यास सबळ कारण आहे. चार महिने मुसळधार पाऊस. जोते खाली असेल तर तांदळाची पोती भिजतील. तेव्हा दुकानदारास दोष देण्यात अर्थ नाही. उताराविषयीचा मान्य नियम असा, की एक हात चढावयास बारा हात लांबी हवी. म्हणजे १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर १८० सेंटिमीटर लांबीची फळी लागेल. ही सुताराकडून सहज करून घेता येते, गरज पडेल तेव्हा लावावी, एरवी आत उभी करून ठेवावी. तीन पायऱ्या असतील तर ५४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच मीटर. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारातील अरुंद गल्लीत एवढी जागा कोठून आणावी? अशा ठिकाणी आखूड व तीव्र उतार करणे हे न करण्यापेक्षा वाईट. चाकाची खुर्ची त्यावरून उलटते. त्यापेक्षा बसलेल्या माणसाच्या हातास पोचेल अशी घंटी खाली भिंतीवर बसवावी आणि 'घंटी वाजवा, माल बाहेर आणून देऊ' एवढे वाक्य तिच्याशेजारी लिहावे. मात्र ती वाजल्यावर खरोखरच कोणी तरी बाहेर आले पाहिजे.

डोळ्यांच्या बाबतीत उपाय आणखी स्वस्त आहेत. पिवळ्यावर पांढरे किंवा हिरव्यावर तांबडे लिहिणे टाळावे. तांबड्या-हिरव्यांतील भेद न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, समजतो त्याहून पुष्कळ असतात, आणि ते आपण होऊन सांगत नाहीत. खाद्यपदार्थांच्या पुड्यांवर शाकाहाराची हिरवी खूण आणि मांसाहाराची तपकिरी खूण पूर्वी दोन्ही गोलच असत. ज्यांस रंग ओळखता येत नाहीत त्यांस दोन्ही सारख्या. २०२० च्या नियमावलीने मांसाहाराच्या खुणेचा गोल जाऊन तेथे त्रिकोण आला. एका लहानशा आकारबदलाने लाखो पुड्या बोलू लागल्या. तशीच गोष्ट मोबाइलची. सणाच्या सवलतीचे चित्र दुकानदार व्हॉट्सॲपवर धाडतात. सारा मजकूर चित्रात कोरलेला असतो. अंध व्यक्तीचा मोबाइल टंकलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवू शकतो, पण चित्रातील अक्षरे बहुधा वाचत नाही. चित्राखाली तोच मजकूर दोन ओळींत टंकला की काम झाले. बोलका चित्रपट धाडावयाचा असेल तर खाली अक्षरे द्यावीत. बहिऱ्यांची सोय होतेच, शिवाय बसमध्ये आवाज बंद करून पाहणाऱ्यांचीही. उलट दिशेची सोय कशी होते, हे पैसे आल्याचे सांगणाऱ्या त्या लहान डबीने दाखवून दिले आहे. रक्कम ती मोठ्याने सांगते, आणि अनेक भारतीय भाषांत सांगते. ज्या भाजीवाल्या बाईस मोबाइलवरील अक्षरे वाचता येत नाहीत, तिला आता पैसे पोचले की नाही हे दुसऱ्यास विचारावे लागत नाही.

एवढे सगळे केले आणि गल्ल्यामागची माणसे मात्र एकाच घरातली, एकाच जातीची राहिली, तर? असे दुकान घरगुती असल्यास त्यास इलाज नाही. परंतु जेथे नोकर ठेवले जातात तेथे पाटीपेक्षा गल्ला अधिक बोलतो. मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. तीच पुढची श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था. तिचे सभासदत्व कोणत्याही जातिधर्माच्या बाईस खुले, प्रत्येक सभासद मालकीण, आणि नफातोट्यात सर्वांचा वाटा. (पुरुषांस सभासद होता येत नाही, हा भाग अलाहिदा.) रामदास पाध्ये यांनी बनविलेला बोलका ससा दूरचित्रवाणीवर आला तो कित्येक वर्षांनी; त्याआधीच लाटणे हाती घेतलेल्या बायकांनी घरोघर त्या पापडाचे नाव पोचविले होते. संस्थेच्या संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांस २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दुसरे उदाहरण बेळगावापासून फार दूर नाही. हुबळीत एका महाविद्यालयाच्या आवारात २०१७ साली अलीना आलम यांनी 'मिट्टी कॅफे' सुरू केले. चहा करणारे, आणून देणारे, पैसे घेणारे बहुतेक सारे अपंग तरुण-तरुणी. त्यांनी स्वतःस दयेचा विषय म्हणून मांडले नाही, चहा चांगला केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातही त्यांची शाखा निघाली. अशा ठिकाणी अपंग ग्राहकास पायरी अडते की नाही, हे पाहावयास निराळा तज्ज्ञ बोलवावा लागत नाही. आत काम करणाऱ्यास पहिल्या दिवशीच ते कळते.

कोणी म्हणेल, की लहान धंद्यास हा परोपकार परवडावा कसा? आम्ही एक अगदी घरगुती हिशेब मांडतो. नेवरी हा पदार्थ चवथीस हिंदूंच्या घरी होतो. नाताळात ख्रिस्ती घरी जो कुसवार वाटतात, त्या ताटातही दोदोल आणि बेबिंक यांच्या शेजारी नेवरी असतेच. सारण थोडे इकडेतिकडे होत असेल; मुरड तीच. असे असता नेवऱ्या करून विकणाऱ्या बायांचे फलक चवथीपूर्वी पंधरा दिवस झळकतात आणि मग उतरतात. त्यांवर देवनागरीत 'चवथीचा फराळ' एवढेच असते. डिसेंबरात तोच फलक रोमी अक्षरांत पुन्हा लागला, आणि त्यात मैदा, साखर, तूप की तेल हे स्वच्छ लिहिले, म्हणजे मधुमेही माणसासही आपले आपण ठरविता येईल, तर तीच कढई वर्षातून दोनदा चुलीवर चढेल. ईदेच्या सुमारास तिसऱ्यांदा चढावी की नाही, हे बाजूच्या गल्लीतील मुसलमान शेजारणीस विचारल्यावाचून कळणार नाही. तिला त्या दिवसांत गोड काय लागते, कोणत्या तुपाचे लागते, विकतचे चालते की घरचेच, हे तिलाच ठाऊक. फलक रंगविण्यापूर्वी तिच्या दारी जाऊन बसावे; रंगाऱ्यास दोन दिवस मागाहून बोलावले तरी चालते.